ठिगळाच्या पडद्यावरची आई

महाशिवरात्र जवळ आली की आमच्या घरी बंडीच्या चाकांना वंगण लागायचं. तणस अंथरून त्यावर जुन्या लुगड्यांच्या गोधड्या पडायच्या, मुरमुऱ्यांची पिशवी दांडीला बांधली जायची आणि बाबा बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा घालायचे. आमचं गाव चामोर्शीच्या अलीकडचं. रात्री जेवून निघालं की पहाटे मार्कंड्याचा घाट यायचा. वैनगंगा तिथं वळून उत्तरेकडं वाहते, म्हणून तिच्या पाण्याला काशीचं मोल. आंघोळ, दर्शन, नारळ, प्रसाद हे सगळं दुपारपर्यंत उरकायचं आणि मग मायची नजर जत्रेच्या टोकाला उभ्या असलेल्या मळकट तंबूकडे वळायची. बाबांना ती तोंडानं काही म्हणायची नाही. पदराच्या गाठीतली नाणी मोजत राहायची, तेवढ्यावरून बाबांना कळायचं.

टुरिंग टॉकीज ती. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. तोवर सगळा मुलूख चांद्यातच, म्हणजे आजच्या चंद्रपुरातच मोडायचा आणि चांद्याला जाऊन सिनेमा पाहणं आमच्यासाठी परगावच्या लग्नाला जाण्याएवढं अवघड होतं. मधे नद्या, नाले, जंगल आणि दिवसातून एखादी एसटी. म्हणून सिनेमाच आमच्याकडे यायचा. मार्कंड्याच्या जत्रेत यायचा, चिमूरच्या घोडायात्रेत यायचा, चैत्रात महाकालीच्या यात्रेला तर चांद्यात त्याची चंगळ असायची. तंबूबाहेर इंजन धडधडायचं, आत बाया एका अंगाला आणि माणसं दुसऱ्या अंगाला बसायची. मधोमध दोर बांधलेला. बूड टेकायला जो तो आपापलं पोतं घेऊन यायचा.

पडदा कापडाचा. कितीतरी जत्रा, कितीतरी वारे आणि वळवाचे पाऊस खाल्लेला. त्याच्या उजव्या अंगाला, माणसाच्या उंचीच्या वर, हातभर लांबीचं एक ठिगळ होतं. नवं कापड जुन्या कापडापेक्षा पांढरं असतं, त्यामुळे सिनेमा सुरू असतानाही ते ठिगळ उजळून दिसायचं. कुणाच्या घोड्यावर ते यायचं, कुणाच्या वाड्याच्या भिंतीवर. त्या वर्षी, मी दुसरीत किंवा तिसरीत असेन, ते सुलोचनाबाईंच्या गालावर आलं.

सिनेमा होता ‘मोलकरीण’. १९६३ सालचा, पण आमच्या जत्रेपर्यंत यायला त्याला काही वर्षं लागली होती. पोटच्या पोराच्या घरात मोलकरीण होऊन राबणारी आई. तिचा चेहरा जवळून दाखवला की पडदाभर व्हायचा आणि ते ठिगळ बरोबर डोळ्याखाली बसायचं. डोळ्यातून पाणी निघालं की गालावरून ओघळताना ते शिवणीच्या रेघेवरून उतरतंय असं वाटायचं. मला वाटलं, बाईला तिथं लागलंय. मी मायला विचारलं, तर तिनं माझ्याकडे न पाहता माझं डोकं आपल्या मांडीवर दाबलं. तिची मांडी हलत होती. मान वर करून पाहिलं तर शेजारची काकू रडत होती, तिच्या पलीकडची म्हातारी रडत होती, बायांचं सगळं अंग रडत होतं. दोराच्या पलीकडे बाप्ये खाकरत होते. रीळ बदलायला दिवा लागला तेव्हा सगळ्यांनी घाईघाईनं तोंडं पुसली आणि कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर बंडीत माय बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “थे रडली का मलेई रडू येते. माह्याच घरची वाटते.”

हे “माह्याच घरची” मी आयुष्यभर मनात ठेवलं आहे. कारण ती आमच्या घरची कुठल्याच अंगानं नव्हती. आमच्या घरी आईला ‘माय’ म्हणतात. आमच्या झाडीबोलीत डोळ्याला ‘डोरा’ म्हणतात, पाण्याला ‘पानी’. पडद्यावरची पोरं तिला ‘आई’ म्हणायची. ‘आई’ हा शब्द आमच्या पिढीनं दोन ठिकाणी ऐकला, शाळेच्या पुस्तकात आणि सुलोचनाबाईंच्या सिनेमात. पुस्तकातली आई कोरडी होती. पडद्यावरच्या आईनं त्या शब्दात जीव भरला. मी पुढं मास्तर झालो, चंद्रपूरला बदली झाली, लग्न झालं, आणि माझ्या पोरांनी माझ्या बायकोला ‘आई’ म्हणायला सुरुवात केली. आमच्या घराण्यात पहिल्यांदा. नातवंडं आता ‘मम्मा’ म्हणतात. तीन पिढ्यांत एका नात्याचे तीन शब्द झाले, आणि मधल्या शब्दाशी तो ठिगळाचा पडदा कायमचा जोडलेला आहे.

पुष्कळ वर्षांनी त्यांच्याविषयी वाचलं तेव्हा मला मायच्या म्हणण्याचा अर्थ लागला. सुलोचना लाटकरांचा जन्म ३० जुलै १९२८चा, खडकलाट नावाच्या खेड्यातला. चिकोडी तालुका, बेळगाव जिल्हा. मराठी आणि कानडी जिथं एकाच ओट्यावर बसतात तो मुलूख. शाळा बेताचीच. लग्न लहान वयात. कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये त्या पहिल्यांदा कॅमेऱ्यापुढं उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या तोंडी गावची बोली होती. नंतर भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत त्या आल्या. भालजींनी त्यांना ‘सुलोचना’ हे नाव दिलं आणि पुस्तकी मराठीचे उच्चार त्यांनी भालजींच्या हाताखाली घटवले. म्हणजे जी ‘आई’ आम्हाला शहरातली, शुद्ध बोलणारी वाटायची, तीसुद्धा आमच्यासारखीच आपली बोली उंबऱ्याबाहेर ठेवून आत आलेली बाई होती. मायला हे कुणी सांगितलं नव्हतं. तरी तिनं ओळखलं. एखादं वाक्य संपताना सुलोचनाबाई जरा थांबायच्या. जपून पाय टाकावा तसा शब्द टाकायच्या. आमच्या बाया तालुक्याच्या कचेरीत सायबापुढं बोलताना अशाच थांबतात.

गांधीहत्येनंतरच्या, १९४८च्या जाळपोळीत जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला. भालजींनी तो पुन्हा उभा केला आणि १९४९मध्ये सुलोचनाबाईंचा ‘मीठभाकर’ आला. १९५३च्या ‘वहिनींच्या बांगड्या’त धाकट्या दिराला लेकरासारखं वाढवणारी वहिनी त्यांनी केली. गोष्ट य. गो. जोशींची. तिच्यावरून पुढं हिंदीत ‘भाभी की चूड़ियाँ’ निघाला आणि मीनाकुमारीनं ती भूमिका केली. मीनाकुमारी मोठी नटी, वाद नाही. पण आमच्याकडच्या बायांच्या मनातली वहिनी सुलोचनाबाईंचीच राहिली. ‘प्रपंच’मधली कुंभारीणही तशीच. गो. नी. दांडेकरांची गोष्ट, समोर शाहीर अमर शेख, घरात पोरांचं लेंढार आणि चाकावरची माती. या बाईच्या हातांना चिखल शोभायचा. आणि १९६४च्या ‘मराठा तितुका मेळवावा’त त्या जिजाऊ झाल्या. आमच्या शाळेत शिवजयंतीला जी मुलगी जिजाऊ व्हायची तिला गुरुजी सांगायचे, “सुलोचनाबाईसारखी मान ठेव.” फोटोतली जिजाऊ कुणी पाहिली नव्हती. मान मात्र पाहिली होती.

हिंदीत त्यांचं आईपण फार लवकर सुरू झालं. १९५९ साली ‘सुजाता’ आला, बिमल रॉय यांचा, आणि त्याच वर्षी ‘दिल देके देखो’. त्यात त्या शम्मी कपूरच्या आई झाल्या. शम्मी कपूरचा जन्म १९३१चा. म्हणजे लेक आईपेक्षा तीनच वर्षांनी लहान. १९७०च्या ‘जॉनी मेरा नाम’मध्ये तर देव आनंद आणि प्राण हे दोघे त्यांचे मुलगे, आणि दोघेही वयानं त्यांच्याहून मोठे. नायिका म्हणून आणखी काही वर्षं सहज मिळाली असती अशा वयात त्यांनी केस पांढरे करून घेतले. मला यात त्याग वगैरे शब्द वापरावेसे वाटत नाहीत. त्यांना काम हवं होतं, घर चालवायचं होतं, आणि त्या कामाची त्यांना लाज वाटली नाही. आमच्या गावात तिशीत सासू झालेल्या बाया मी पाहिल्या आहेत. रोवणीच्या चिखलात चाळिशीआधी कंबर वाकलेल्या पाहिल्या आहेत. बाईचं तरुणपण किती तोकडं असतं हे त्यांना कुणी पडद्यावरून समजावून सांगायची गरज नव्हती. म्हणूनच कदाचित एकतीस वर्षांची बाई आई झाली यात त्यांना काही खटकलंच नाही.

आज त्या सिनेमांविषयी लिहिणारे म्हणतात की या सोशीक आईनं बायकांना सोसायला शिकवलं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण मी त्या तंबूत बसलेला होतो. माझी माय पहाटे चारला उठायची, सडा, चूल, गुरं, मग बांधीत रोवणी किंवा निंदणी, उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला जंगलात, रात्री सगळ्यांचं झाल्यावर उरलेला भात. हे सोसणं तिला सुलोचनाबाईंनी शिकवलेलं नव्हतं. ते तिच्या आजीपासून चालत आलेलं होतं. तिचं दुःख मात्र कुणी कधी पाहिलं नव्हतं. घरात पाहायला कुणाला वेळ नव्हता, देवापुढं सांगायचं तर मागे रांग होती. आणि इथं, वर्षातून एकदा, तिच्यासारखीच एक बाई दोन माणसांच्या उंचीएवढी मोठी होऊन रडत होती आणि शे-दीडशे माणसं श्वास रोखून तिच्याकडे पाहत होती. बाप्येसुद्धा. आपलं दुःख एवढ्या उंचीवर लावण्याजोगं आहे, हे मायला त्या दिवशी कळलं असणार. ती बंडीत बसून घरी परतली ती थोडी सरळ बसून परतली, असं मला आजही वाटतं.

सुलोचनाबाईंचा अभिनय कमी होता, आणि हे मी कौतुकानं म्हणतो. त्या आवाज चढवत नसत. दुःखाची वेळ आली की उलट आवाज खाली जायचा. हात काहीतरी करत राहायचे, पदराचं टोक दुमडणं, ताटलीची कड पुसणं. डोळे भरायचे पण ओघळायला वेळ घ्यायचे, आणि पाहणारा तोवर आधीच रडलेला असायचा.

आमच्या मुलखाच्या, झाडीपट्टीच्या रंगमंचावरची आई याच्या नेमकी उलट. तिथं कमी करून भागत नाही. धान घरात आलं, मंडईच्या जत्रा सुरू झाल्या की गावोगावी नाटकं लागतात. ज्या गावात दिवसा बैलांच्या शर्यतींचा शंकरपट, त्या गावात रात्री नाटक. रात्री साडेनऊ-दहाला पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत खेळ चालतो. उघड्यावरचा मंडप, डिसेंबरची थंडी, पुढं खुर्च्या, मागं चटया, आणि अगदी शेवटी घोंगडी पांघरून बसलेली म्हातारी माणसं. त्या शेवटच्या म्हातारीपर्यंत आईचा हुंदका पोचला पाहिजे.

मी लहान असताना ही आई बाप्या असायचा. आमच्या नातेवाइकांतलेच एक गृहस्थ, दिवसभर नांगर धरणारे, रात्री लुगडं नेसून रंगमंचावर उभे राहायचे. दाढी दोनदा खरवडलेली, ओठांवर कुंकवाचं बोट. त्यांना ‘स्त्री पार्टी’ म्हणायचे. त्यांच्या आईच्या भूमिकेला लोक खूप मानायचे आणि दुसऱ्या दिवशी बांधावर भेटले की त्यांच्याशी जरा हळू आवाजात बोलायचे. दंडार, खडी गंमत या आमच्याकडच्या लोकनाट्यांतही हीच रीत होती. पुढं बाया आल्या. नागपूरहून आल्या, हळूहळू इथल्याही आल्या. पहिल्या आलेल्या बायांना काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल ते झाडीतल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा. आज वडशाच्या रस्त्यावर नाटक मंडळांच्या पाट्या ओळीनं दिसतात, नाटकं तिथंच ठरतात, आणि पोस्टरवर नायिकेचा फोटो नायकाएवढाच मोठा असतो. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. हजारो प्रयोग केलेला हा नट. आमच्या रात्रींची दखल दिल्लीनं घेतली, याचा मला झालेला आनंद मी लपवणार नाही.

दोन हिवाळ्यांमागं ब्रह्मपुरीकडच्या एका गावात नाटकाला गेलो होतो. ओळखीच्या माणसाबरोबर रंगपटात शिरलो. रंगपट म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेची चौथीची खोली. फळ्याच्या लाकडी पट्टीवर हातभर आरसा टेकवलेला, त्यावर मोबाइलच्या टॉर्चचा उजेड, बाकावर पावडरचा डबा आणि चहाचा थर्मास. आईची भूमिका करणाऱ्या बाई पन्नाशीच्या. वडशाहून जीपनं आल्या होत्या. आदल्या रात्रीचा प्रयोग सिंदेवाहीकडे, उद्याचा आरमोरीकडे. केसांना पांढरा रंग लावता लावता त्यांनी मला विचारलं, “मास्तर, तुमी सुलोचनादीदीचा ‘एकटी’ पाहिला का?” मी पाहिला म्हटलं. त्या म्हणाल्या, “मी तिच्यासारखं हळू बोलून पाहिलं इथं. माइक असूनही मागं नाई पोचत. मंग मी एक करते. मोठ्यानं रडते, पण रडायच्या आधी थोडी थांबते. थे थांबनं तिचं आहे.”

त्या रात्री मी ते थांबणं पाहिलं. बाजूला प्रॉम्प्टर पुढचं वाक्य दोनदा देऊन गेला तरी बाई थांबल्या होत्या. ऑर्गनवाल्यानं सूर धरून ठेवला. मंडपातली बारकी पोरंसुद्धा गप्प झाली. मग त्यांनी हंबरडा फोडला आणि मागच्या चटईवरून एक म्हातारी उठून, वाट काढत पुढं आली, दहाची नोट रंगमंचाच्या कडेवर ठेवून परत गेली. तिनं नटीकडं पाहिलंसुद्धा नाही. देवापुढं ठेवावी तशी ठेवली.

‘एकटी’ १९६८चा, राजा ठाकूर यांचा. कष्ट करून मुलाला शिकवणारी आणि अखेर एकटी उरणारी आई. मुलगा काशिनाथ घाणेकर. तेच घाणेकर पुढं सुलोचनाबाईंचे जावई झाले; मुलगी कांचन यांनी त्यांच्याविषयी ‘नाथ हा माझा’ हे पुस्तक लिहिलं. मी हा सिनेमा पहिल्यांदा तरुणपणी पाहिला तेव्हा मुलाच्या बाजूनं पाहिला होता. पोरगा शिकणार, पुढं जाणार, यात त्याचा काय दोष? आमच्या भागातून शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या पिढीतले आम्ही. आम्हाला मागं वळून पाहायची भीती वाटायची. परवा पुन्हा पाहिला. आता माझा मुलगा हैदराबादला आहे, बहिणीचा मुलगा अमेरिकेत. सिनेमा पाहताना मुलाकडं माझं लक्षच गेलं नाही.

अमेरिकेवरून लीला चिटणीस आठवतात. त्याही कर्नाटकातल्या, धारवाडच्या. पदवीधर नटी म्हणून त्या काळी त्यांचा केवढा गाजावाजा झाला. बॉम्बे टॉकीजच्या ‘कंगन’, ‘बंधन’, ‘झूला’मध्ये अशोककुमारच्या नायिका, आणि पुढं ‘आवारा’त राज कपूरची आई. उतारवयात त्या मुलांकडे अमेरिकेला गेल्या आणि २००३ साली कनेक्टिकट राज्यातल्या डॅनबरी गावी वारल्या. तिथल्या शेजाऱ्यांना ही बाई कोण होती ते माहीत असेल का, हा विचार मला कितीदा तरी येऊन गेला आहे. जिला पाहायला एकेकाळी जत्रेतली माणसं रांगा लावत, तिला बर्फाच्या गावात कुणी नावानं हाक मारत असेल का? सुलोचनाबाई मात्र अखेरपर्यंत मुंबईतच राहिल्या. १९९९ला पद्मश्री, २००९चा महाराष्ट्र भूषण. पडद्यावरून त्या कधीच निवृत्त झाल्या होत्या तरी सगळ्या सिनेमासृष्टीच्या त्या ‘दीदी’ राहिल्या.

आता मार्कंड्याची जत्रा भरते तेव्हा चारचाकींच्या रांगा लागतात. आकाशपाळणे आहेत, मौत का कुआँ आहे, मोमोजची गाडीसुद्धा आहे. सिनेमाचा तंबू नाही. कधी बंद झाला ते मला नेमकं आठवत नाही, आणि हे मला लागून राहिलं आहे. देवळाची शिळा ढळली असती तर तारीख आठवली असती. तंबू एका वर्षी आला नाही, लोक म्हणाले पुढच्या वर्षी येईल. तोवर गावात टीव्ही आला, मग व्हीसीआर भाड्यानं आणून रात्रभर तीन तीन सिनेमे बघण्याचे दिवस आले, मग घराघरांवर छत्र्या बसल्या. गोंदिया-चांदाफोर्टची छोटी रेल्वे मोठी झाली. चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आतबाहेर ज्या टॉकीजपुढं आम्ही मास्तरकीच्या पहिल्या पगारातून तिकिटं काढली, त्यांच्या जागी दुकानं आणि लॉन उभे राहिले. आता मॉलमध्ये गार हवेत सिनेमा पाहता येतो. पडदा स्वच्छ, आवाज चारी बाजूंनी, खुर्ची मागं झुकणारी. तिथं मी एकदा एका मराठी सिनेमाला रडलो. शेजारच्या खुर्चीवर कुणीच नव्हतं. माझ्या रडण्याला कुणाचा आधार लागला नाही, आणि ते मला बरं वाटलं नाही.

म्हणून मी झाडीपट्टीच्या नाटकांविषयी कुणी नाक मुरडलं की भांडायला उठतो. मला मान्य आहे, मधेच रेकॉर्ड डान्स घुसतो, विनोद कधी कधी पातळ होतो, मुंबईच्या मालिकेतला एखादा चेहरा नुसता पोस्टरसाठी आणला जातो. पण हजार माणसं कुडकुडत बसून एका आईचं म्हणणं पहाटेपर्यंत ऐकतात, अशी जागा महाराष्ट्रात आता किती उरली आहे? तंबूतल्या आईचं पुढचं घर मला त्या मंडपात दिसतं.

४ जून २०२३. रोहिणीचं ऊन, मृग अजून लागायचा. मी गावी होतो, मायजवळ. ती आता ऐंशीच्या पुढची. कंबर पूर्ण वाकली आहे, पण तांदूळ निवडायला अजून स्वतः बसते. मी मोबाइलवर बातमी वाचली आणि म्हटलं, “माय, सुलोचनाबाई गेल्या.”

“कोन्ती सुलोचना?”

“मोलकरीण वाली. मार्कंड्याच्या जत्रेत पाहिली होती ना आपण.”

तिचे हात सुपात थांबले. थोड्या वेळानं तिनं विचारलं, “किती वर्साची होती?”

“चौऱ्याण्णव.”

“मंग बेस गेली,” ती म्हणाली. सूप बाजूला ठेवून उठली, भिंतीला धरत धरत न्हाणीत गेली. बराच वेळ पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला. दुपारचे तीन वाजले होते. सकाळची आंघोळ तिची झालेली होती. ओल्या केसांनी बाहेर येऊन ती परत सुपाशी बसली. घरातलं माणूस गेल्याचं कळलं की आमच्याकडे डोक्यावरून पाणी घेतात. ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

संध्याकाळी नातीनं, माझ्या भावाच्या नातीनं, मोबाइलवर ‘मोलकरीण’ लावून दिला. डाळीच्या डब्याला टेकवून फोन उभा केला. मायनं चष्मा वर-खाली करत चेहरा अगदी जवळ नेला. मीही तिच्या मागं बसलो. हातावर मावेल एवढी आई. चित्र स्वच्छ होतं. तंबूत आम्ही कधीच पाहिला नव्हता असा तिचा सगळा चेहरा दिसत होता, दोन्ही गालांसकट, आणि का कोण जाणे, मला तो पाहिलेलाच नाही असं वाटत होतं. मी शिवणीची रेघ शोधत होतो.

तो जवळचा चेहरा आला. डोळे भरले, थांबले.

मायनं बोट पुढं केलं. तिच्या बोटाला कापरं आहे, पण जागा चुकली नाही. डोळ्याच्या खाली, गालावर, जिथं ठिगळ होतं तिथंच तिनं बोट टेकवलं. “इथं होतं नं गा?” तिनं मला विचारलं.

पडद्याला बोट लागलं तसं चित्र थांबलं. आवाज बंद झाला. पाणी डोळ्यांतच राहिलं.

“काय झालं वं?” माय घाबरून नातीला म्हणाली.

“काई नाई आजी, तुजं बोट लागलं.” नातीनं पुन्हा सुरू केलं. मायनं हात मागं घेतला, पदराखाली धरून ठेवला, आणि सिनेमा संपेपर्यंत तो बाहेर काढला नाही.